ताठरलेल्या शरीराला गुंगीच्या औषधाचा आधार

एक करून बघा. कोपरातून हात वाकवा. दंडाचा पुढचा स्नायू आवळला, मागचा आपोआप सैल पडला. तुम्ही काही ठरवलं नव्हतं. मेंदू आणि मज्जारज्जूने ते परस्पर उरकलं. आता समजा, दोन्ही स्नायू एकाच वेळी खेचू लागले तर? हात लाकडासारखा ताठ! पाठ, पोट आणि पायांचं असं झालं, की चालणंच अवघड. त्यात अचानक हॉर्न वाजला तरी जबरदस्त पेटके येतात.

हा आहे ‘स्टिफ पर्सन सिंड्रोम’. साधारण दहा लाखांत एकाला होणारा. ‘टायटॅनिक’चं गाणं गाणाऱ्या सेलिन डिऑनने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याला तो झाल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे अनेकांनी हे नाव ऐकलं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मोर्श आणि वोल्टमन या डॉक्टरांनी १९५६ मध्ये अशा १४ पेशंटचं वर्णन केलं. १९६३ मध्ये डायझेपामचा, म्हणजे व्हॅलियमचा, गुण येतो हे लक्षात आलं. चिंता कमी करणारं, गुंगी आणणारं हे औषध. मग आजार ‘मनाचा’ आहे का? अजिबात नाही. पण पेशंटना हे ऐकून घ्यावं लागतं. मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन स्नायूंना ‘आता पुरे’ असा निरोप देतं. बऱ्याच पेशंटच्या रक्तात गाबा तयार करणाऱ्या एन्झाइमविरुद्धच्या अँटिबॉडीज सापडतात. निरोप क्षीण पडतो. डायझेपाम तो ठळक करतं. आजार मात्र बरा होत नाही.

शिवाय शरीराला सवय होते, डोस वाढत जातो. दिवसाला ८०-९० मिलिग्रॅमपर्यंत व्हॅलियम घेत होते, त्याने जीव जाऊ शकतो हे माहीत नव्हतं, असं सेलिनने २०२४ मध्ये मुलाखतीत सांगितलं. आणि एकदम बंद केलं तर फिट्स येऊ शकतात, म्हणून डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करतात. त्याच वर्षी २६ जुलैला ती पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात आयफेल टॉवरवरून गायली.

तिला उभं राहायला मदत करणारं हेच औषध धडधाकट माणसाचा तोल घालवतं. दारूसोबत घेतलं तर श्वासही मंदावतो. तेव्हा परीक्षेच्या टेन्शनवर रूममेटने ‘घे रे अर्धी’ म्हणत गोळी पुढे केली, तर सरळ नाही म्हणा. आणि कुणाचे पाय सारखे ताठरत असतील, तर ‘नाटक करतोय’ म्हणण्याआधी त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन जा.