लेझरनंतरचा थेंब

चष्म्याचा नंबर घालवायला आमच्या नांदगाव तिठ्यावरून मुले कोल्हापूरला, मुंबईला जातात. कारण पोलीसभरती, लग्न, नाहीतर चष्म्याचा नुसता कंटाळा. शस्त्रक्रिया काही मिनिटांची. काम तिथेच संपले असे घरच्यांना वाटते. माझ्या मते नाजूक भाग गावी परतल्यावर, थेंबांच्या बाटलीपाशी सुरू होतो.

या लेझरमागे मद्रासेत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आहेत. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत, सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी एक्सायमर लेझर चालवला. आजूबाजूचा भाग न भाजता मांस नेमके कोरले गेले. पारपटल, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिला असेच हत्यार हवे होते.

लॅसिकमध्ये या काचेचा पातळ पापुद्रा उचलतात, खालचा भाग लेझरने घडवतात आणि पापुद्रा परत बसवतात. टाका नसतो. सूज राहू नये म्हणून स्टेरॉइडचे थेंब देतात, आणि ते लागतातच. पण काहींच्या डोळ्यांत त्याच थेंबांनी दाब वाढतो. मग पाणी पापुद्र्याखाली झिरपते, दिसणे धूसर होते. वरकरणी ही सूजच वाटते. म्हणून थेंब वाढवले जातात आणि दाब आणखी चढतो. त्यातून मोजायला गेले तर दाब कमीच भरतो, कारण यंत्र त्या साचलेल्या पाण्यावर टेकते! जाणकार डॉक्टर म्हणून मध्याऐवजी कडेलाही मोजून पाहतात. वेळेत उमगले तर थेंब थांबवून, दाब उतरवून डोळा निवळतो. नाही उमगले तर डोळ्याची नस सुकते, आणि गेलेली नजर परत येत नाही.

पापुद्रा न करता वरचा थर काढण्याचीही पद्धत आहे. त्यात पहिले काही दिवस डोळा ठणकतो. बधिर करणारा थेंब लगेच आराम देतो, पण तो वारंवार घातला तर नवा थर धरतच नाही. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्यांची तऱ्हा वेगळी: पापण्यांतल्या तेलग्रंथी मंदावतात, अश्रू टिकत नाहीत, डोळा कोरडा पडतो. विशीत मुरूम आणि चष्मा दोन्ही असतात. पण डोळ्यांच्या डॉक्टरला कातडीची गोळी कोण सांगतो?

स्टेरॉइडचे थेंब कायद्याने चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. प्रत्यक्षात काय होते, ते वाचक जाणतात. डोळा लाल झाला की जुनी बाटली दाखवून नवी आणायची. लॅसिक झालेल्याने मात्र पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर ते आधी सांगावे, कितीही वर्षे लोटली तरी. बसवलेला पापुद्रा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.