दूधविषयक कायदे आणि घृतकल्पांची शुद्धता

घृत हे संस्कारानुवर्ती द्रव्य होय. ज्या औषधींनी ते सिद्ध करावे त्यांचे गुण ते धारण करते, म्हणूनच चरकाचार्यांनी स्नेहांमध्ये त्यास श्रेष्ठ मानले. परंतु मूळ तूपच भेसळीचे असेल तर संस्कार कशावर करावयाचा? हा प्रश्न भैषज्यकल्पनेचा आहे, तसाच तो कायद्याचाही आहे.

फार्मसीत येणारे तूप कायद्याच्या दृष्टीने ‘अन्न’ असते, तर तेथून बाहेर पडणारे फलघृत ‘औषध’ असते. पहिल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. दुसऱ्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०. तूप पुरविणारा दोषी असला तरी सदोष कल्पाबद्दल उत्तर द्यावे लागते ते परवानाधारक उत्पादकास.

भेसळीस आळा घालण्यासाठी उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल व ओडिशा या राज्यांनी भारतीय दंड संहितेत दुरुस्ती करून जन्मठेपेची तरतूद केली. ५ ऑगस्ट २०१६ रोजी दूधभेसळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इतरांनाही त्या दिशेने विचार करण्यास सुचविले. तथापि असुरक्षित अन्नाबाबत २००६ चा कायदाच दंड संहितेहून वरचढ ठरतो, असा निर्णय याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. पुढे १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम २७४ नुसार अन्नभेसळीस सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, एवढीच शिक्षा आहे. सारांश, राज्यांनी केवळ शिक्षा वाढवून काढलेली वाट आता फारशी उपयोगाची राहिलेली नाही.

राज्याच्या हाती उरते ती तपासणीची यंत्रणा. अन्न सुरक्षा आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते, तर अधिकारी व अन्न विश्लेषक यांच्या नेमणुका ते आयुक्त करतात. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळ आढळली ती अवघ्या १२ नमुन्यांत. मात्र ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेहून अधिक होते. हे विष बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून दुधात उतरते व उकळण्याने नष्ट होत नाही. ते प्रामुख्याने दुधातील प्रथिनांशी निगडित राहते. म्हणून घृतापेक्षा क्षीरपाकाच्या बाबतीत ते अधिक चिंतेचे ठरते. गोठ्यातील खाद्यापर्यंत जन्मठेपेचा धाक पोहोचत नाही. तेथे नियमित तपासणीच हवी.

महाराष्ट्रात अन्न व औषध या दोन्ही शाखा एकाच प्रशासनाखाली आहेत. औषधनिर्मितीसाठी खरेदी होणाऱ्या दूध-तुपाच्या तपासणीची सांगड या दोन शाखांमध्ये घालावी, ही मागणी आपल्या व्यवसायाने शासनापुढे ठेवणे उचित होय.

तोपर्यंत औषधनिर्मात्यांनी २००६ च्या कायद्यातील कलम ४० चा लाभ घ्यावा. खरेदीच्या वेळी विक्रेत्यास तशी पूर्वकल्पना देऊन कोणताही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. माल सदोष ठरल्यास शुल्क परत मिळते. केवळ बोडोईन चाचणीवर विसंबू नये. ती तिळाच्या तेलाचा अंश दाखविते व त्यावरून वनस्पती तूप ओळखता येते. पामतेल वा प्राणिज चरबी तीतून सुटते. रायखर्ट-माइसल मूल्य व ब्युटिरो-रिफ्रॅक्टोमीटरचे वाचनही प्रत्येक खेपेस नोंदवावे. शेड्यूल टी नुसार कच्च्या मालाची तपासणी व नोंद आवश्यकच आहे. रुग्ण घृत घेतो ते वैद्याच्या शब्दावर. त्या शब्दामागे हा कागद असावा.