विक्रम हाकेवर होता, बॅरी घरी गेला

जुलै १९९९. अमेरिकेतल्या विचिता शहरात, तिथल्या वर्तमानपत्राच्या ऑफिसमध्ये एक फॅक्स आला. पाठवणारा त्याच गावचा मुलगा, बॅरी सँडर्स. म्हणणं एवढंच, की खेळत राहण्यापेक्षा खेळ सोडावासा जास्त वाटतोय. ना पत्रकार परिषद, ना निरोपाचा सामना. वय फक्त ३१.

यात एवढं काय, असं वाटेल. आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये नावात ‘फूट’ असला तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. रनिंग बॅकचं काम म्हणजे तो काखेत घट्ट धरून समोरच्या अकरा जणांतून वाट काढायची. कबड्डीची चढाई आठवा, फक्त इथले पकडणारे शंभर-सव्वाशे किलोचे! कोण किती यार्ड पळाला यावर त्याची किंमत ठरते. एक यार्ड म्हणजे तीन फूट.

बॅरीची उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. वडील छपरांची कामं करायचे, घरात अकरा भावंडं. डेट्रॉईट लायन्सकडून तो दहा हंगाम खेळला. कोणी अंगावर आला की हा जागच्या जागी गिरकी घ्यायचा आणि समोरचा हवेलाच मिठी मारून खाली पडायचा. १९९७ मध्ये त्याने एकाच हंगामात २,०५३ यार्ड काढले. आणि टचडाऊन झाल्यावर नाचणं वगैरे नाही. चेंडू पंचाच्या हातात द्यायचा आणि परत फिरायचं.

निवृत्तीच्या वेळी त्याच्या नावावर १५,२६९ यार्ड होते. वॉल्टर पेटनचा विक्रम १६,७२६. फरक १,४५७ चा, आणि आदल्याच हंगामात बॅरी १,४९१ यार्ड पळाला होता! आणखी एक वर्ष, बस्स.

तसं त्याने पहिल्याच वर्षी, १९८९ मध्ये, असंच केलं होतं. शेवटच्या सामन्यात हंगामाचा अव्वल धावपटू ठरायला दहाएक यार्ड कमी होते. प्रशिक्षकांनी विचारलं, परत मैदानात जातोस का? सामना हातात आला होता, हा नाही म्हणाला.

मग सोडलं का? दहा वर्षांत लायन्सने बाद फेरीचा एकच सामना जिंकला. चांगले सोबती संघ सोडून जात होते. हरण्याची सवय लागलेल्या संघात त्याचं मन उरलं नव्हतं, हे त्याने पुढे पुस्तकात लिहिलं. डेट्रॉईटचे चाहते मात्र चिडले, आणि मला तो राग चुकीचा वाटत नाही. निदान त्यांना एक निरोप द्यायला हवा होता. संघाने बोनसचे पैसे परत मागितले, प्रकरण लवादापर्यंत गेलं.

पेटनचा विक्रम २००२ मध्ये एमिट स्मिथने मोडला. २०२३ मध्ये डेट्रॉईटच्या स्टेडियमबाहेर बॅरीचा पुतळा उभा राहिला.

यूट्यूबवर त्याच्या धावा सापडतील. नियम नाही कळले तरी चालेल, फक्त पायांकडे बघा.