प्रतापरावांची चूक आणि माझी चिठ्ठी

पेपर तपासताना हयगय केली म्हणून एका तरुण सहकाऱ्याला मी चार ओळींची चिठ्ठी लिहिली. शब्द अंमळ झोंबरेच होते. गृहस्थ आठवडाभर माझ्यासमोर आला नाही, आणि मला आठवले ते प्रतापराव गुजर!

१६७३ साली उमराणीला त्यांनी बहलोलखानाचे पाणी तोडले. खान शरण आला; सरनौबतांना दया आली, त्यांनी त्याला सोडून दिले. खान पुन्हा उलटला. महाराजांचा राग रास्तच होता. सेनापतीने परस्पर शत्रूला सोडावे, तर शिस्त राहिली कुठे? पण निरोप गेला तो असा, की खानाला बुडविल्याखेरीज तोंड दाखवू नये. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत, मागच्या फौजेची वाट न पाहता, प्रतापराव अवघ्या सहा स्वारांनिशी खानावर तुटून पडले, असे सांगतात. परत कोणी आले नाही.

पुढे महाराजांनी प्रतापरावांची मुलगी राजारामांसाठी सून करून घेतली. त्या मांडवात त्यांच्या मनात काय आले असेल, कोण जाणे!

चिठ्ठी परत मागायला मी त्याच्या टेबलापाशी गेलो. त्याने पेपरांचा गठ्ठा पुढे केला. सगळे पुन्हा तपासलेले होते. चिठ्ठी मात्र त्याने दिली नाही.