वरचा आकडा

सत्तरीच्या बाईचं प्रेशर एकशे सत्तर असायचंच, असं सांगणारे डॉक्टर फार जुन्या काळातले नव्हेत. ‘शंभर अधिक वय’ हा हिशेब विसाव्या शतकात दवाखान्यांतून बराच काळ चालला, घराघरांत तो अजूनही ऐकू येतो. वयानुसार धमन्या ताठरणार, मग रक्त ढकलायला दाब जास्त लागणारच; तो उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडेल, हा त्यामागचा तर्क. ऐकायला चोख, पण तपासणीत तो टिकला नाही.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षं चालणारी पाहणी सुरू झाली. त्यात निम्म्याहून अधिक बायका होत्या. वाढलेला दाब म्हातारपणीही निरुपद्रवी नसतो, हे त्यातून दिसत गेलं. मग १९९१ मध्ये ‘शेप’ या चाचणीचे निष्कर्ष आले. वरचं प्रेशर १६० किंवा जास्त, खालचं मात्र नव्वदच्या आत, अशी साठीपुढची ४,७३६ माणसं. क्लोरथॅलिडोन या स्वस्त, लघवी वाढवणाऱ्या गोळीपासून सुरू केलेल्या उपचारांनी पक्षाघाताचं प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटलं. २००८ मध्ये ‘हायव्हेट’ या चाचणीने ऐंशीपुढच्यांनाही उपचारांचा फायदा होतो हे दाखवलं.

तरी ‘खालचं नॉर्मल आहे, काळजी नको’ हे वाक्य काही जात नाही. समजा आजींचं प्रेशर १६४/६८ आलं. तरुणपणी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला महाधमनी फुगते आणि दोन ठोक्यांमध्ये आकसून रक्त पुढे ढकलते. ती ताठरली की फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो; आकसतही नाही, म्हणून खालचा उतरतो. म्हणजे ते ६८ हे ताठरपणाचंच दुसरं टोक! बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर वरचं प्रेशर झपाट्याने वाढतं आणि पुढे बरोबरीच्या पुरुषांनाही गाठतं.

आपल्याकडे साधारण १४०/९० च्या आत ठेवा असं सांगतात. अमेरिकी तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ती रेघ १३०/८० वर आणली. घरी मोजताना १३५/८५ हीच वरची हद्द धरतात, कारण दवाखान्यात आकडा बऱ्याचदा चढतो, आणि वयस्कर बायकांचा विशेष चढतो. त्यात मोजण्याची तऱ्हा पाहा. आजी जिना चढून येतात, स्टुलावर पाय लोंबकळत बसतात, पोलक्याची घट्ट बाही वर सारली जाते, तिचा दंडाला फास बसतो, आणि पट्टा फुगत असताना सुनेच्या बाळंतपणाची चौकशी चालू असते. यातली एकेक गोष्ट आकडा बिघडवते. लघवी करून यावं, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसावं, दंड मोकळा आणि हृदयाच्या पातळीत असावा. पट्टाही दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर प्रेशर उगाच जास्त दिसतं.

नाडीचं गणित सोपं आहे. बसल्या जागी मिनिटाला ६० ते १०० ठोके. बायकांचे पुरुषांपेक्षा काही ठोके जास्त. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या प्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी पन्नाशीत आली तर बहुधा तो गोळीचा परिणाम, पण सोबत चक्कर असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. स्वस्थ बसूनही ती रोज शंभराकडे झुकत असेल तर रक्तक्षय, थायरॉइड तपासावं. आकड्याइतकंच लयीकडे लक्ष हवं. ठोके कसेही, वेडेवाकडे पडत असतील तर ईसीजी काढावा; हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली की तिथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. अशा नाडीत घरच्या यंत्राचा आकडा फसवू शकतो. मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोजावं.

एक मोजणी मात्र सर्रास राहून जाते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं प्रेशर वीस किंवा खालचं दहाने उतरलं, तर पहाटे अंथरुणातून उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडायची भीती असते. अशा वेळी गोळ्या मनाने बंद करू नका, त्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि आईला पुढच्या वेळी दवाखान्यात न्याल तेव्हा तिचं प्रेशर उभं करूनही मोजायला सांगा.