ड्रोन फवारणी : कागदपत्रे तपासा, एकरी मात्रा सांगा, शेजाऱ्यांना कळवा

कपाशी आणि तूर छातीच्या वर वाढली की पाठीवरचा पंप घेऊन ओळीत शिरणे धोक्याचे असते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. ड्रोनमुळे माणूस फवाऱ्याच्या बाहेर राहतो, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा आहे. मात्र धोका संपत नाही, त्याची जागा बदलते. तो द्रावण तयार करणाऱ्याच्या हातावर आणि शेजाऱ्याच्या बांधापलीकडे जातो. त्यामुळे परभणी जिल्ह्यात भाड्याने ड्रोन बोलावणाऱ्या शेतकऱ्यांनीही नियम माहीत करून घेणे गरजेचे आहे.

उड्डाणाचे नियम

देशात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल आणि १५० किलोपर्यंत मीडियम गटात येतो. १० लिटर टाकीचे बहुतेक फवारणी ड्रोन भरलेल्या टाकीसह स्मॉल गटात बसतात. अशा ड्रोनसाठी पुढील गोष्टी लागतात.

• ड्रोनचा नोंदणी क्रमांक (यूआयएन) आणि त्या मॉडेलचे टाइप सर्टिफिकेट.
• चालवणाऱ्याचे रिमोट पायलट प्रमाणपत्र. यासाठी वय १८ ते ६५, शिक्षण किमान दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण आवश्यक आहे.
• तिसऱ्या पक्षाचा विमा. शेजारच्या पिकाचे, जनावराचे किंवा माणसाचे नुकसान झाल्यास तो उपयोगी पडतो.

हौसेसाठी मायक्रो ड्रोन उडवताना पायलट प्रमाणपत्र लागत नाही. तोच ड्रोन पैसे घेऊन लग्नाच्या चित्रीकरणासाठी वापरला, तर लागते. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. आपल्याला जवळचे विमानतळ नांदेडचे. तरीही उड्डाणाच्या दिवशी डिजिटल स्काय संकेतस्थळावरील नकाशा पाहावाच, कारण बंदोबस्ताच्या काळात एखादा भाग तात्पुरता रेड झोन जाहीर होऊ शकतो.

‘पंपाला किती’ नव्हे, ‘एकराला किती’

बहुतेक नुकसान इथेच होते. साध्या पंपाने एकरी सुमारे २०० लिटर पाणी लागते, ड्रोनने सुमारे १० लिटर. पाणी कमी झाले तरी औषधाची एकरी मात्रा लेबलप्रमाणे तेवढीच राहते.

समजा, लेबलवर एकरी १०० मिलि मात्रा आहे. १५ लिटरच्या पंपाला ती ७.५ मिलि पडते. हेच पंपाचे माप ड्रोनच्या टाकीत टाकले, तर पिकावर तेराव्या हिश्शाइतकेच औषध जाते आणि कीड मरत नाही. उलट अंदाजाने मात्रा वाढवली, तर पाने करपतात आणि खर्चही वाढतो. म्हणून ड्रोनचालकाला कायम एकरी मात्रा सांगावी. औषधाच्या लेबलवर ते पीक व ती कीड नमूद असावी. ते औषध ड्रोनने फवारण्यास मान्यता आहे का, याची तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून खात्री करावी.

ड्रोनच्या टाकीतील द्रावण नेहमीपेक्षा वीसपट तीव्र असते. ते कालवताना हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि ॲप्रन वापरावा. आधी थोड्या पाण्यात औषध विरघळवून मग टाकी भरावी. त्रास जाणवल्यास दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्यावे.

शेजाऱ्याचा बांध

ड्रोनचे थेंब बारीक असतात आणि वाऱ्याने दूर जातात. आपल्याकडे सोयाबीनच्या शेजारी तुतीची बाग असू शकते. कीटकनाशक पडलेला पाला खाऊन रेशीम किड्यांची आख्खी बॅच दगावू शकते. २,४-डी तणनाशकाचा थोडासा अंशही कपाशीची पाने वाकडी करतो. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

• फवारणीची माहिती किमान २४ तास आधी ग्रामपंचायतीला आणि लगतच्या शेतकऱ्यांना द्यावी. तुती, मधुमक्षिका पेट्या, मत्स्यतळे किंवा वैरणीचे पीक कुठे आहे, हे विचारून घ्यावे.
• वारा सेकंदाला ३ मीटरपेक्षा कमी (ताशी साधारण १० किलोमीटर) आणि तापमान ३५ अंशांच्या आत असताना, शक्यतो सकाळी किंवा सायंकाळी फवारावे.
• ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून साधारण १.५ ते ३ मीटर उंचीवर ठेवावा.
• विहीर, ओढा, कालवा, वस्ती आणि गोठ्यापासून पुरेसे अंतर सोडावे. त्या कडेची ओळ हातपंपाने फवारावी.
• विजेच्या तारा, खांब व झाडे आधी पाहून घ्यावीत. पहिले उड्डाण साध्या पाण्याने करावे.
• फवारणीच्या वेळी शेतात मजूर, मुले, जनावरे नसावीत.
• टाकी धुतलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

तारीख, वेळ, गट क्रमांक, औषध, एकरी मात्रा आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवावा. शेजाऱ्याशी वाद झाल्यास किंवा विम्याचा दावा करताना हीच नोंद कामी येते. कागदपत्रे दाखवण्यास टाळाटाळ करणाऱ्या ड्रोनचालकाला, दर कमी असला तरी, शेतात बोलावू नये.