धोका गुणांनी मोजता येतो का?

एखादी व्यक्ती आत्महत्या करील का, किंवा दुसऱ्यावर हल्ला करील का, हे प्रश्नावलीने आधी ओळखता येईल का? दोन साधने पाहू. अ‍ॅरन बेक यांच्या हताशा-श्रेणीत (१९७४) २० विधाने असतात. व्यक्तीने स्वतः 'बरोबर' की 'चूक' ते सांगायचे, मग गुणांची बेरीज. हिंसेच्या धोक्यासाठी कॅनडात तयार झालेल्या एचसीआर-२० (१९९५) मध्येही २० मुद्दे आहेत: १० भूतकाळाचे, ५ सध्याच्या मनःस्थितीचे, ५ पुढील परिस्थितीचे. ते तज्ज्ञ तपासतो आणि निष्कर्ष नुसत्या बेरजेवर काढत नाही.

असे का? समजा, १००० जणांपैकी १० जणांना खरा धोका आहे आणि चाचणी ९० टक्के अचूक आहे. त्या १० पैकी ९ सापडतील, एक निसटेल. पण उरलेल्या ९९० पैकी ९९ जणांवर उगाच शिक्का बसेल! घटना विरळ असली की असेच होते. म्हणून ब्रिटनच्या २०२२ च्या वैद्यकीय मार्गदर्शिकेने आत्महत्येच्या भाकितासाठी अशा श्रेण्या वापरू नयेत, असे सांगितले.

विद्यार्थ्याची काळजी वाटली, तर गुण काढू नका. सरळ विचारा, ऐकून घ्या, डॉक्टरांपर्यंत सोबत जा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही.